व्याज नको, दारूही नको : शेअर निवडायची चाळणी

आमच्या छत्रपती संभाजीनगरात व्याज नको म्हणून एफडी न करणारे पालक भेटतात. अशांना उपयोगी पडेल अशी कंपन्यांची यादी, म्हणजे शरिया ५० निर्देशांक, मुंबई शेअर बाजाराने डिसेंबर २०१० मध्ये आणली. चाळणी दुहेरी. आधी धंदा बघायचा: दारू, तंबाखू, जुगार, व्याजावर चालणाऱ्या बँका बाद. मग कर्ज. एस अँड पीच्या नियमात ते बाजारमूल्याच्या ३३ टक्क्यांच्या आत लागतं. १०० कोटींच्या कंपनीवर ४० कोटींचं कर्ज असेल तर ती गळाली. (शेकडेवारी शिकवायला छान उदाहरण!)

तरी भाव पडायचा तो पडतोच. आणि नुसत्या 'हलाल' शब्दावर जाऊ नका, सेबीची नोंदणी बघा. बंगळुरूच्या आयएमएने याच शब्दावर पैसे गोळा केले. २०१९ मध्ये ती बुडाली आणि हजारो कुटुंबांची बचत अडकली.