अवघड खेळाची गोडी

करमणूक म्हणजे श्रमलेल्या मनास विसावा, असें आपण मानतों. मग ज्या खेळांत मनुष्य दर मिनिटास हरतो, तो खेळ चाळीस वर्षें लोकांच्या स्मरणांत कां राहावा? हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. कारण मुलांच्या अभ्यासाशीं त्याचा निकट संबंध आहे.

जपानांतील कॅपकॉम कंपनीनें १९८५ सालीं ‘घोस्ट्स एन गॉब्लिन्स’ नांवाचा व्हिडिओ गेम काढला. तोकुरो फुजिवारा हे त्याचे योजक. या जातीच्या खेळांत पडद्यावरील नायकास धांवत, उड्या मारीत मार्ग काढावा लागतो. येथील नायक आर्थर नांवाचा चिलखती सरदार असून, पळवून नेलेल्या राजकन्येस सोडविण्यासाठीं तो निघतो. आरंभच कबरस्तानांत होतो. जमिनींतून प्रेतें उठून अंगावर येतात. पहिला घाव बसतांच चिलखत गळून पडतें व सरदारसाहेब नुसत्या चड्डीवर उभे राहतात. दुसऱ्या घावासरशीं त्यांचा सांगाडा होतो. एकदां उडी घेतली कीं हवेंत दिशा बदलतां येत नाहीं. शेवटच्या सामन्यापूर्वीं योग्य शस्त्र हातीं नसेल, तर मागें परतावें लागतें. एवढें करून विजय मिळालाच, तर हा सारा सैतानाचा मायाजाल होता असें सांगून खेळ पुन्हां पहिल्यापासून खेळावयास लावतात! खरा शेवट दुसऱ्या फेरीनंतरच दिसतो.

या काठिण्याचें एक कारण व्यापारी होतें. मूळ खेळ नाणें टाकून चालविण्याच्या यंत्रावर असे. खेळणारा फार वेळ टिकला तर पुढचें नाणें पडत नाहीं, हा हिशेब उघड आहे. परंतु १९८६ सालीं हाच खेळ निंटेंडोच्या घरगुती यंत्रावर आला. तेथें नाण्याचा प्रश्न उरला नाहीं, काठिण्य मात्र राहिलें. आणि तरीही लोकांनीं तो टाकून दिला नाहीं. तेव्हां गोडीचें मूळ अन्यत्र शोधिलें पाहिजे.

आमच्या मतें तीं कारणें तीन आहेत. पहिलें असें कीं, हरण्याचें कारण तत्काळ दिसतें. उडी लवकर घेतली, भाला उशिरां फेंकला, हें सांगावयास दुसरा कोणी लागत नाहीं. दुसरें, हरण्यास लाज चिकटत नाहीं. चड्डीवर उभ्या राहिलेल्या सरदारास पाहून हरणारा स्वतःच हंसतो, आणि क्षणांत पुन्हां प्रयत्नास लागतो. तिसरें कारण सर्वांत महत्त्वाचें होय. शंभराव्या खेपेसही आर्थर पहिल्या खेपेइतकाच दुबळा असतो. बदलतो तो खेळणारा. काल ज्या ठिकाणीं दहा वेळां पडलों, तेथून आज सहज पुढें गेलों, ही वाढ स्वतःची स्वतःस दिसते. त्याच आनंदासाठीं तो पुन्हां खेळावयास बसतो.

आतां पालकांनीं विचार करावा. कबरस्तानांत शंभर वेळां पडून उठणारा मुलगा बीजगणिताचें एक उदाहरण चुकतांच पाटी-पेन्सिल कां टाकतो? तो आळशी आहे, असें म्हणून चालणार नाहीं. उत्तरपत्रिकेवरील तांबडी फुली चूक दाखविते, पण चूक कोठें झाली हें पुष्कळदां सांगत नाहीं. ती तपासून हातीं पडेपर्यंत आठवडे जातात. आणि कमी गुणांची लाज मात्र घरींदारीं पुरते. ‘प्रयत्नांतीं परमेश्वर’ ही म्हण आपण मुलांस ऐकवितों, परंतु दुसरा प्रयत्न करण्यास जागा ठेवतों काय?

याच खेळाची २०२१ सालीं निघालेली नवी आवृत्तीही फुजिवारा यांच्याच देखरेखीखालीं सिद्ध झाली. तींत काठिण्याच्या चार पायऱ्या आहेत. सर्वांत सोप्या पायरीवर नायक जेथें पडला तेथेंच पुन्हां उठतो. डोंगर तोच, चढण्यास पायऱ्या केल्या. शिक्षकांनीं व आईबापांनीं घेण्यासारखा हा धडा आहे.

विद्यार्थ्यांसही दोन शब्द सांगणें आमचें कर्तव्य आहे. खेळांत चिकाटी दिसली म्हणून ती अभ्यासांत आपोआप उतरत नाहीं. ती तेथें मुद्दाम न्यावी लागते. नाणें गिळणारें यंत्र गेलें, तरी वेळ गिळणारें यंत्र घरांत आहे, हेंही विसरूं नये. शिवाय खेळांत मार्ग आहे याची हमी तो रचणाऱ्यानें दिलेली असते. संसारांत अशी हमी प्रत्येक वेळीं मिळत नाहीं, आणि तेथें अपयश येऊनही नीट वागावें लागतें. संत पौलानें इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत नीतिमत्त्वाच्या उरस्त्राणाचा व विश्वासाच्या ढालीचा उल्लेख केला आहे. आर्थराचें चिलखत पहिल्या घावास गळून पडतें; हें दुसरें चिलखत मात्र घाव सोसण्यासाठींच आहे. तें अंगीं चढविण्याचा सराव आपल्या मुलांस घडो, एवढीच आमची इच्छा आहे.