बालकांमधील एडीएचडीच्या तपासणीचा खर्च व विमा संरक्षण (महाराष्ट्र)

अवधानन्यूनता-अतिक्रियाशीलता विकार (प्रचलित संक्षेप: एडीएचडी) हा बालपणी सुरू होणारा चेताविकासात्मक विकार आहे. त्याचे निदान बाह्यरुग्ण विभागात, मुलाखती व मापनपट्ट्यांच्या आधारे केले जाते. याउलट भारतातील आरोग्य विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर होणाऱ्या खर्चाशी बांधलेला आहे. त्यामुळे विमापत्र असूनही मुलाच्या तपासणीचा खर्च बहुतेक पालकांना स्वतःच करावा लागतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील तरतुदींचा आढावा नाशिक जिल्ह्यातील येवला या तालुक्याच्या गावाच्या संदर्भात घेतला आहे.

तपासणीचे स्वरूप

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीनुसार (२०१३) लक्षणांची सुरुवात वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी झालेली असावी लागते आणि ती घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. त्यामुळे एकाच भेटीत निदान सहसा पूर्ण होत नाही. पालकांची मुलाखत, शिक्षकांनी भरलेली प्रश्नावली, दृष्टी व श्रवण यांची तपासणी आणि गरजेनुसार बुद्धिमापन व अध्ययन-अक्षमतेच्या चाचण्या असे तिचे टप्पे असतात. ६ ते ९ वर्षे वयोगटासाठी ‘इनक्लेन’ हे भारतात विकसित झालेले निदानसाधन उपलब्ध आहे. बुद्धिमापनासाठी मालिन यांची भारतीय बालकांसाठीची श्रेणी वापरतात. मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी वि. वि. कामत यांनी रूपांतरित केलेली बिने-कामत कसोटीही प्रचारात आहे.

हा विकार ओळखणारी कोणतीही रक्तचाचणी किंवा मेंदूचे छायाचित्रण नाही. झटके येणे किंवा अन्य मज्जासंस्थेच्या आजाराची शंका असल्यास एमआरआय वा ईईजी करण्यास कारण असते. एरवी केवळ एडीएचडीच्या निदानासाठी त्यांवर केलेला खर्च वाया जातो. मनोवैज्ञानिक चाचण्या करणारा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत असणे आवश्यक आहे. नोंदणी नसलेल्या व्यक्तीचा अहवाल पुढे अमान्य होऊ शकतो आणि पालकांना सर्व चाचण्यांचे शुल्क पुन्हा भरावे लागू शकते.

अप्रत्यक्ष खर्च

येवला हे नाशिक–छत्रपती संभाजीनगर मार्गावरील गाव नाशिकपासून सुमारे ८० किलोमीटर अंतरावर आहे. पैठणी विणकाम हा येथील प्रमुख व्यवसाय असून तो मोठ्या प्रमाणावर घरातील मागावर चालतो. विणकर तपासणीसाठी नाशिकला गेला की त्या दिवशी माग बंद राहतो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. तपासणीला तीन-चार भेटी लागल्यास प्रवास व बुडालेली मजुरी मिळून होणारी रक्कम चाचणीच्या शुल्काच्या बरोबरीने जाणवते. हा खर्च कोणत्याही विमापत्रात धरलेला नसतो. शिक्षकांची प्रश्नावली, शाळेची प्रगतिपत्रके व जुने केसपेपर आधीच गोळा करून नेल्यास एखादी फेरी वाचू शकते.

सार्वजनिक आरोग्य सेवा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधील ज्या आजारांची तपासणी या कार्यक्रमात होते, त्यांच्या यादीत एडीएचडीचा स्पष्ट उल्लेख आहे. ही बाब पालकांना व अनेक शिक्षकांनाही ठाऊक नसते. फिरती वैद्यकीय पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा, तर शासकीय व अनुदानित शाळांना वर्षातून एकदा भेट देतात. संशयित मुलास जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते व पुढील तपासणी विनामूल्य होते. खासगी विनाअनुदानित शाळा मात्र या भेटींच्या कक्षेबाहेर राहतात. त्यामुळे पदरमोड करून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातलेल्या मुलापर्यंत हे पथक पोहोचत नाही, अशी विचित्र स्थिती निर्माण होते. अशा पालकांना शासकीय रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात स्वतः जाता येते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. प्राथमिक सल्ल्यासाठी ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.

विम्याविषयीचे कायदे

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २१(४) नुसार प्रत्येक विमा कंपनीने मानसिक आजाराच्या उपचारासाठी शारीरिक आजाराच्या धर्तीवरच विमा देणे बंधनकारक आहे. विमा नियामक प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१८ रोजी कंपन्यांना तसे निर्देश दिले. सप्टेंबर २०१९ मध्ये प्राधिकरणाने विमापत्रातील अपवादांचे प्रमाणीकरण केले. मानसिक आजार, तसेच वर्तनविषयक व चेताविकासात्मक विकार यांना सरसकट वगळण्यास त्यात मनाई करण्यात आली.

याच प्रमाणीकरणात ‘तपासणी व मूल्यमापन’ (संकेतांक ०४) हा एक मान्य अपवादही आहे. केवळ निदानासाठी किंवा मूल्यमापनासाठी रुग्णालयात दाखल झाल्यास तो खर्च कंपनी नाकारू शकते. एडीएचडीचे दावे प्रायः येथेच अडतात: विकार वगळलेला नसतो, पण तो आहे की नाही हे पाहण्याची प्रक्रिया वगळलेली असते. प्रतिपूर्ती मिळावी म्हणून मुलास एक रात्र दाखल करून घेण्याचा सल्ला काही वेळा दिला जातो. वरील अपवादामुळे त्याचा उपयोग होत नाही, शिवाय दावा संशयास्पद ठरतो.

बाह्यरुग्ण खर्चाची जोड असलेली विमापत्रे बाजारात उपलब्ध आहेत. त्यांत तज्ज्ञाचे शुल्क, मानसशास्त्रीय चाचण्या व वर्तनोपचार यांपैकी नेमके काय समाविष्ट आहे, हे पाहणे महत्त्वाचे ठरते. निदानानंतर नवे विमापत्र घेतल्यास एडीएचडी हा पूर्वस्थित आजार मानला जातो. त्यासाठीचा प्रतीक्षा कालावधी १ एप्रिल २०२४ पासून कमाल ३६ महिने आहे. ‘शिक्का बसेल’ या भीतीने निदान लपविल्यास पुढे असंबद्ध आजाराचा दावाही वादात सापडू शकतो.

शासकीय विमा योजना

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत या योजनांत प्रतिकुटुंब वार्षिक ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे. ते ठरावीक उपचारांसाठी दाखल होणाऱ्या रुग्णांकरिता असल्याने बाह्यरुग्ण तपासणीस लागू पडत नाही. ‘निरामय’ योजनेत बाह्यरुग्ण खर्च मिळतो, परंतु ती स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांपुरती मर्यादित आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांतही एडीएचडीचा स्वतंत्र समावेश नाही. सोबत विशिष्ट अध्ययन अक्षमता आढळल्यास त्या आधारे प्रमाणपत्र व परीक्षेतील सवलती मिळू शकतात. म्हणूनच अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाच्या बाबतीत दोन्ही तपासण्या एकत्र करून घेणे सोयीचे असते.

कर्मचारी राज्य विमा योजनेत बाह्यरुग्ण सेवा कुटुंबासह मिळते. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या सातपूर, अंबड किंवा सिन्नर येथील कारखान्यांतील पात्र कामगारांना तिचा लाभ होतो. घरी माग चालविणारा स्वतंत्र विणकर मात्र तिच्या कक्षेत येत नाही. केंद्र शासनाने २००५-०६ मध्ये हातमाग विणकरांसाठी सुरू केलेल्या आरोग्य विमा योजनेत प्रतिकुटुंब वार्षिक १५,००० रुपयांची मर्यादा होती व त्यांपैकी ७,५०० रुपये बाह्यरुग्ण खर्चासाठी होते. रक्कम तुटपुंजी असली तरी बाह्यरुग्ण खर्चाची वेगळी तरतूद त्या योजनेत होती. नंतरच्या मोठ्या रकमेच्या योजनांत ती राहिली नाही.

दावा व तक्रार

दाव्यासोबत तज्ज्ञाची चिठ्ठी, नोंदणी क्रमांक असलेला चाचणी-अहवाल, मूळ पावत्या व निदानाचा आंतरराष्ट्रीय संकेतांक (दहाव्या आवर्तनात एफ९०) जोडतात. ‘समुपदेशन शुल्क’ अशा मोघम पावत्या अनेकदा नाकारल्या जातात. प्रत्येक चाचणीचे नाव व रक्कम स्वतंत्रपणे लिहून घेणे इष्ट असते. दावा फेटाळल्यास कंपनीने कोणत्या कलमाखाली तो फेटाळला, हे लेखी मागता येते. मानसिक आजार म्हणून सरसकट नकार दिला असल्यास कलम २१(४) चा आधार घेता येतो. संकेतांक ०४ खाली नकार असल्यास तो आधार दुबळा पडतो. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक असल्यास एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही व वकिलाचीही आवश्यकता नसते.