भिंत उभी, बिल आडवे

गावातल्या शाळेची नवी खोली आपण पाहतो. ताजा रंग, दाराशी कोनशिला, कोनशिलेवर मंत्रिमहोदयांचे नाव. ती बांधली कोणी, हे तिथे लिहिलेले नसते. आणि बांधणाऱ्याला पैसे मिळाले का, हे विचारायचे आपल्याला सुचतही नाही. कंत्राटदार म्हटला की आपल्याला आठवतात खड्डे आणि टक्केवारी. पण सिमेंट उधारीवर उचलणारा, शनिवारी मजुरांचा पगार चुकवण्यासाठी बायकोच्या पाटल्या गहाण टाकणारा छोटा कंत्राटदारही याच धंद्यात असतो.

त्याची गोष्ट जुनी आहे. १९४४ साल. बंगालमध्ये दुष्काळाची झळ अजून ओसरली नव्हती. हुगळी जिल्ह्यातल्या आरामबाग येथे नागरी पुरवठा खात्याला कच्चा रस्ता, पहारेकऱ्यांची खोली, कचेरी, स्वयंपाकघर हवे होते. खानाकुल येथे गुदामे हवी होती. अधिकाऱ्यांनी अंदाजपत्रक मागवले, 'करा काम' म्हटले. मंडल आणि सन्स या पेढीने काम केले, खात्याने ते वापरात घेतले. बिल झाले १९,३२५ रुपये. सरकार म्हणाले, करार गव्हर्नरांच्या नावाने, रीतसर झालेलाच नाही. मग पैसे कसले?

निकाल सर्वोच्च न्यायालयात लागला, तो डिसेंबर १९६१ मध्ये. न्यायालयाने सांगितले, करार वैध नाही हे खरे; पण १८७२ च्या करार कायद्याचे ७० वे कलम म्हणते की, फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ जो घेतो, त्याने भरपाई दिली पाहिजे. सरकारला गुदामे नाकारता आली असती. ती वापरली, आता मोबदला द्या. न्याय मिळाला, पण काम झाल्यानंतर सतरा वर्षांनी!

रीतसर कराराचा नियम निरर्थक नाही. राज्यघटनेच्या २९९ व्या कलमातही तो आहे. कोणाही साहेबाच्या तोंडी शब्दावर तिजोरी उघडू लागली, तर तुमच्याआमच्या कराचे काय होईल? पण लोकांच्या पैशाची राखण करणारा नियमच देणे बुडवण्याची पळवाट होतो, तेव्हा गाडे अडते.

दावा लावायचा तर आधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस. तीन वर्षांची मुदत हुकली की हक्क गेला. 'पुढच्या मार्चला निधी येईल' या आश्वासनावर अनेकांची ती मुदत सरते. करारात लवादाची तरतूद असेल तर आधी लवाद, मग त्या निवाड्याविरुद्ध पुन्हा न्यायालय. रकमेबद्दल वादच नसेल तर उच्च न्यायालयात रिट करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात स्पष्ट केले, एवढाच दिलासा.

२०२३ मध्ये केंद्र सरकारने तडजोडीची योजना आणली. न्यायालयात जिंकलेल्याला ८५ टक्क्यांपर्यंत, लवादात जिंकलेल्याला ६५ टक्क्यांपर्यंत रक्कम. उरलेल्यावर पाणी सोडायचे. जिंकलेल्यानेच सूट द्यायची! तरीही ज्याच्या डोक्यावर व्याज चढते आहे, त्याला हातात पडेल ते गोड वाटते. २०२५ मध्ये महाराष्ट्रातले कंत्राटदार थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांची मागणी हजारो कोटींच्या घरात होती.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. मग काम करायच्या आधी त्याने एवढे तरी करावे : लेखी कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकात वेळच्या वेळी नोंद, आणि ज्यादा कामाला लेखी मंजुरी. आणि सरकारने? निधी हाती असल्याशिवाय नारळ फोडू नये. उधारीच्या शाळेत मुलांना प्रामाणिकपणाचा धडा कसा शिकवायचा?