डब्यातला सॅल्मन: शिजलेल्या माशाला पुन्हा किती शिजवायचं?

अमेरिका-कॅनडात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मासेखाऊ मराठी माणसाला ताज्या मासळीचे भाव बघून घाम फुटतो. त्याच दुकानात सॅल्मनचे डबे मात्र बारा महिने रचून ठेवलेले असतात. एखादा डबा घरी येतो, उघडला जातो आणि शंका सुरू होतात. आत पाणी आहे, काटे आहेत, राखाडी कातडी आहे. याचं करायचं काय?

यातल्या बहुतेक शंकांचं उत्तर डबा भरण्याच्या पद्धतीत आहे. सॅल्मनचे कच्चे तुकडे थोड्या मिठासह डब्यात भरतात आणि डबा हवाबंद करतात. मग तो बंद डबा मोठ्या दाबपात्रात 115 ते 121 अंश सेल्सियसच्या आसपास, तासाहून जास्त वेळ तापवतात. तत्त्व घरच्या प्रेशर कुकरचंच. म्हणजे मासा शिजतो तो झाकण लागल्यानंतर, स्वतःच्याच रसात.

गैरसमज: इतकी वर्षं टिकतो म्हणजे रसायनं घातलेली असणार.

वस्तुस्थिती: साध्या डब्यावरची घटकांची यादी वाचा: सॅल्मन आणि मीठ. टिकाऊपणा येतो तो उष्णतेमुळे आणि हवाबंद झाकणामुळे. फ्रान्सच्या निकोला आपेरने या पद्धतीवरचं पुस्तक 1810 मध्ये छापलं, तेव्हा पाश्चरचा जन्मही झाला नव्हता. डब्यातलं मीठ चवीपुरतं असतं, तरी 100 ग्रॅममागे 400 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम पोटात जातं. म्हणून पदार्थात वरून मीठ घालण्याआधी चव बघावी. रक्तदाब असलेल्यांसाठी बिनमिठाचे डबेही मिळतात.

गैरसमज: उरलासुरला, शिळा मासा डब्यात जातो.

वस्तुस्थिती: पॅसिफिक सॅल्मन अंडी घालायला समुद्रातून नदीत शिरतो, तो मुख्यतः उन्हाळ्याच्या मोजक्या आठवड्यांत आणि प्रचंड संख्येने. एवढी मासळी ताजी विकून संपणं शक्यच नव्हतं, म्हणून कारखाने नदीकाठी उभे राहिले. पहिला 1864 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो नदीवर, तर अलास्कात 1878 पासून. अलास्कात 1990 पासून मत्स्यपालनाला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तिथल्या डब्यातला सॅल्मन समुद्रात वाढलेलाच असतो.

डब्यात मुख्यतः दोन जाती दिसतात. सॉकाय लालबुंद, जास्त तेलकट आणि महाग. पिंक फिकट, मऊ आणि स्वस्त. सॉकायचा लाल रंग त्याच्या खाण्यातल्या बारीक कोळंबीवर्गीय जीवांमधून येतो. फिकट रंग म्हणजे कमअस्सल मासा नव्हे. कटलेटसाठी पिंक घ्यावा, नुसता लिंबू पिळून खायचा असेल तर सॉकाय.

गैरसमज: काटे आणि कातडी निवडून टाकलीच पाहिजेत.

वस्तुस्थिती: डब्यातून मधल्या काट्याचा एक मणका उचला आणि अंगठा व तर्जनीत दाबा. खडूसारखा भुगा होतो. दाबाखाली शिजताना काटे इतके मऊ झालेले असतात की लहान काटे तर दाताला कळतही नाहीत. काट्यांसकट खाल्लं तर 100 ग्रॅममागे 200 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम मिळतं, म्हणजे पेलाभर दुधाच्या जवळपास. काटे काढलेला महागडा डबा घेतला की पैसेही जास्त जातात आणि हे कॅल्शियमही. मणके डोळ्यांना खुपत असतील तर काट्याच्या चमच्याने माशातच कुस्करून टाकावेत. कातडीचंही तेच, तिला लागून असलेल्या थरात चांगलं तेल असतं.

गैरसमज: डब्यातलं पाणी ओतून द्यायचं.

वस्तुस्थिती: पारंपरिक डब्यात पाणी घालतच नाहीत. दिसतो तो माशाचा रस आणि तेल. कटलेटसाठी तो निथळावा लागतो, नाहीतर सारण सैल होतं. पण वाटीत काढून ठेवावा. कालवणात किंवा सूपमध्ये त्याची चव उतरते. फक्त तो खारट असतो, हे विसरू नये.

गैरसमज: पांढरा थर किंवा काचेसारखे खडे दिसले, म्हणजे डबा बिघडला.

वस्तुस्थिती: दह्यासारखा पांढरा थर म्हणजे उष्णतेने गोठलेलं प्रथिन. पारदर्शक खडे बहुधा स्ट्रुव्हाइटचे असतात. माशातल्याच मॅग्नेशियम, अमोनिया आणि फॉस्फेटपासून ते बनतात आणि अपायकारक नसतात. शंका असेल तर खडा व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात घालून थोडा वेळ गरम करावा. स्ट्रुव्हाइट विरघळतं, काच विरघळत नाही. खरा धोका वेगळाच असतो: फुगलेला, गळणारा किंवा शिवणीवर चेपलेला डबा. असा डबा चव न घेता फेकून द्यावा.

गैरसमज: ताज्या माशासारखाच परतायचा, उकळायचा.

वस्तुस्थिती: सगळ्यात जास्त पदार्थ इथेच बिघडतात. मासा आधीच शिजलेला आहे. त्याला फक्त गरम करायचं असतं. रावसाच्या तुकडीसारखी रवा लावून तळायची तुकडी यातून निघणार नाही. ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून विकला जाणारा रावस मुळात सॅल्मनच्या कुळातलाच नाही, त्यामुळे दोघांकडून सारखी अपेक्षा ठेवू नये.

कालवण करायचं तर ओलं खोबरं, लाल मिरची, धणे, हळद यांचं वाटण आधी नीट उकळावं, त्यात डब्यातला रस आणि चार आमसुलं घालावीत. मासा शेवटी सोडावा, एक कढ आला की गॅस बंद. पळी फिरवू नये, पातेलंच हलवावं.

कटलेटला 418 ग्रॅमचा एक मोठा डबा, दोन मध्यम उकडलेले बटाटे, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, आलं-लसूण, कोथिंबीर आणि लिंबू. चपटे वळून रव्यात घोळवावे आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस होईपर्यंत ठेवावे. आत काही कच्चं नसल्याने फक्त रंगाकडे लक्ष द्यायचं.

गॅस पेटवायचाही कंटाळा असेल तर गोव्याच्या किसमुरीच्या धर्तीवर कांदा, ओलं खोबरं, तिखट, लिंबू आणि निथळलेला सॅल्मन हलक्या हाताने एकत्र करावा. वरणभातासोबत दहा मिनिटांत जेवण.

गैरसमज: डब्यात सत्त्व उरत नाही, वर पाऱ्याची भीती.

वस्तुस्थिती: प्रथिनं, ड जीवनसत्त्व आणि ओमेगा-3 या प्रक्रियेनंतरही चांगल्या प्रमाणात टिकतात. ओमेगा-3 तर 100 ग्रॅममागे साधारण एक ग्रॅम मिळतं. पाऱ्याच्या बाबतीत सॅल्मन कमी धोक्याच्या माशांत मोडतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भवतींसाठी सुचवलेल्या सर्वोत्तम पर्यायांत तो आहे; अशा कमी पाऱ्याच्या माशांचं प्रमाण आठवड्याला एकूण 225 ते 340 ग्रॅम.

गैरसमज: डबाबंद आहे, म्हणजे उघडल्यावरही टिकेल.

वस्तुस्थिती: न उघडलेला डबा कोरड्या, थंड जागी काही वर्षं राहतो. उघडला की तो साध्या शिजवलेल्या माशासारखाच नाशवंत. उरलेला मासा झाकणाच्या काचेच्या भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा.

गैरसमज: परदेशी मासा आहे, म्हणजे आपल्या मासळीपेक्षा पौष्टिकच.

वस्तुस्थिती: बांगडा आणि तारली हेही ओमेगा-3 ने भरलेले तेलकट मासे आहेत, आणि कोकण-गोव्याच्या बाजारात सॅल्मनच्या आयात डब्याच्या मानाने कितीतरी स्वस्त. मालवणात किंवा मडगावात राहणाऱ्याने या डब्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. शिकागोत किंवा टोरोंटोत रात्री उशिरा घरी पोहोचणाऱ्याने मात्र दोन डबे आणि आमसुलांची एक पुडी कपाटात ठेवावी. मासा शिजवण्याचं काम कारखान्याने केलेलं आहे. आपल्याकडे उरतं ते फक्त वाटण.