ब्राह्मीची नमुना सही

फेब्रुवारी उजाडला की बोर्डाच्या परीक्षांबरोबर ब्राह्मीचाही हंगाम सुरू होतो. एरवी तेलाच्या बाटलीवर वाचलेले हे नाव घरोघर ऐकू येऊ लागते. कोणी गोळ्या आणतो, कोणी सिरप; आणि ज्यांचा ताज्या पाल्यावर विश्वास असतो ते नर्सरी गाठतात. तिथे ‘ब्राह्मी द्या’ म्हटले की जी कुंडी हाती पडते, तिच्यात पुष्कळदा भलतीच वनस्पती असते.

लांब देठ, त्यावर गोलसर पान, पानाच्या कडेला बोथट दाते. ही मंडूकपर्णी, कोथिंबिरीच्या कुळातली. वाईट मुळीच नाही. कर्नाटकात तिला ओंदेलग म्हणतात आणि तिची तंबळी करतात. चरकाने बुद्धी वाढवणारी म्हणून जी चार रसायने सांगितली, त्यांत नाव आहे ते हिचेच, ब्राह्मीचे नव्हे. पण सुश्रुताने दोघींचे पाठ वेगवेगळे दिले आहेत आणि सरकारी आयुर्वेदिक औषधकोशानेही त्या दोन वेगळ्या वनस्पती मानल्या आहेत. एका नावावर दोन खाती चालली, तर घोटाळा होणारच.

आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेत धनादेशांवरच्या सह्या ताडण्यात गेली. तिथे एक गोष्ट अंगवळणी पडते. सही ‘तशीच दिसते’ म्हणून पास करायची नसते, नेमकी दोन-चार वळणे नमुन्याशी ताडायची असतात. खऱ्या ब्राह्मीची, म्हणजे नीरब्राह्मीची वळणे अशी : पान जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचे, मांसल, टोकाशी रुंद आणि बुडाशी निमुळते, देठ जवळजवळ नाहीच. पाने समोरासमोर जोडीने येतात. खोड जमिनीवर सरपटते आणि प्रत्येक पेराला मुळे फुटतात. फूल पानाच्या बगलेत एकटेच, पाच पाकळ्यांचे, पांढरे किंवा फिकट जांभळट निळे. शेवटची खूण जिभेची : पान कडू लागते. हिंदीत हिला जलनीम म्हणतात ते उगीच नाही.

जुन्या वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकांत ही स्क्रोफ्युलॅरिएसी कुळात भेटते. थंडीत बागांमधून फुलणारे अँटिऱ्हिनम, ज्याला आपण डॉगफ्लॉवर म्हणतो, तेही त्याच घरातले. पुढे पेशींतल्या डीएनएची तपासणी होऊ लागली, तेव्हा या मोठ्या एकत्र कुटुंबाच्या वाटण्या झाल्या आणि ब्राह्मी नि डॉगफ्लॉवर दोघेही इसबगोलाच्या घरी गेले. आणखी एक गंमत : टांगत्या कुंडीसाठी ‘बकोपा’ नावाने जे फुलझाड विकतात ते मूळ दक्षिण आफ्रिकेचे. ब्राह्मीचे शास्त्रीय नाव बकोपा मोनिएरी. त्या फुलझाडाने ते नुसते उसने घेतले आहे.

आमच्या सोसायटीतल्या एक बाई गेल्या वर्षी पिशवीभर पाला घेऊन आल्या. मुलगी दहावीला.

“काका, ही खरी ना? नर्सरीतली नाही, नाल्याकाठी आपोआप उगवलेली आहे.”

मी चष्मा लावून पाहिले. पान, पेर, फूल, सगळे जुळले. अगदी खरी ब्राह्मी होती, आणि मी त्यांना ती फेकून द्यायला सांगितले. त्या दुखावल्या. पण ही वनस्पती ज्या पाण्यात वाढते, त्यातले कॅडमियम, शिसे यांसारखे जड धातू शोषून स्वतःत साठवते. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी म्हणून शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला आहे, तो याच गुणामुळे. सही खरी असली तरी खात्यात काय जमा आहे तेही पाहावे लागते.

दुसरी गोष्ट सांगितली तीही त्यांना रुचली नाही. ब्राह्मीतले बकोसाइड नावाचे घटक १९६०च्या दशकात लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत वेगळे केले गेले. ऑस्ट्रेलियात २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत निरोगी प्रौढांना तिचा अर्क दिला, तेव्हा शिकण्यात आणि स्मरणात सर्वांत जास्त फरक दिसला तो १२ आठवड्यांनी. म्हणजे फेब्रुवारीत सुरू करून मार्चच्या पेपराला काय उपयोग? शिवाय काहींचे पोट बिघडते. ऐन परीक्षेत तेवढेच व्हायचे राहिले होते! मुलांना द्यायचीच असेल, तर वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारून.

त्यापेक्षा घरी लावा. उथळ, पसरट कुंडी किंवा जुने घमेले चालते. निम्मी माती, निम्मे चांगले कुजलेले खत. बियांच्या नादी लागू नये, त्या फार बारीक असतात. बोटभर लांबीचे, तीन-चार पेरांचे तुकडे घेऊन आडवे रोवावेत, एक-दोन पेरे मातीखाली जातील असे. माती सतत चिंब हवी. पण वर पाणी साचू देऊ नये, नाहीतर ब्राह्मीच्या आधी डासांचे पीक येते. सकाळचे ऊन मिळावे, एप्रिल-मेच्या दुपारी थोडी सावली. कीटकनाशक नको, गोगलगायी हातानेच वेचाव्यात. घमेले भरले की वरवरचे शेंडे कापून घ्यावेत, दोन बोटे खोड ठेवावे. ते पुन्हा फुटते.

त्या बाईंना मी माझ्या गच्चीतले चार तुकडे दिले. मुलगी आता अकरावीला आहे, घमेल्याला पाणी तीच घालते. परवा तिच्या मैत्रिणीलाही रोप हवे होते. फूल आलेली फांदी बघून दे, एवढेच मी तिला सांगितले. म्हणजे मैत्रिणीच्या घरी पहिल्या दिवसापासून नमुना सही राहील.