पुलावरचा राक्षस

व्हिडिओ गेम तुम्ही खेळला असाल किंवा दुसऱ्याला खेळताना पाहिले असेल. अशा पुष्कळ खेळांत एखाद्या टप्प्याच्या शेवटी एक बलाढ्य शत्रू उभा असतो. त्याला 'बॉस' म्हणतात. वाटेतले लहान शत्रू सहज हरतात. बॉस मात्र खेळाडूलाच पुन्हा पुन्हा हरवतो. तरीही कित्येकांना खेळाची गोडी लागते, ती याच लढतीपासून. असे का होते, ते पाहू या.

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८५ मध्ये काढला. शिगेरू मियामोतो हे त्याचे रचनाकार. पुढे टीव्हीला जोडण्याच्या यंत्रांतून तो आपल्याकडेही आला. या खेळात ८ जगे आहेत आणि प्रत्येक जगाचे ४ टप्पे. चौथा टप्पा किल्ल्याचा. तेथे तप्त लाव्ह्यावर एक पूल असतो. पुलावर बाउझर नावाचा कासवासारखा राक्षस तोंडातून आग ओकत असतो. त्याच्या मागे एक कुऱ्हाड असते. मारिओचा तिला स्पर्श झाला, की पूल नाहीसा होतो आणि बाउझर खाली कोसळतो. म्हणजे बाउझरहून बलवान होण्याची गरज नाही; त्याला चुकवून पलीकडे पोहोचले, की झाले.

माझ्या लहानपणी पाचगणीत आमच्या शेजारी असे एक यंत्र होते. पावसाळ्यात येथे ढग दारापर्यंत येतात, टेबललँड दिसेनासे होते आणि मुलांना घरातच बसावे लागते. माझ्या धाकट्या भावाला हा खेळ आवडत नसे. "नुसते पळायचे आणि उड्या मारायच्या, त्यात काय?" असे तो म्हणे. एकदा मात्र तो बाउझरपर्यंत पोहोचला. या खेळात सुरुवातीला ३ जीव मिळतात. पहिल्या जीवाला तो घाईने धावला आणि आगीत सापडला. दुसऱ्याला त्याने उडी मारली, ती थेट राक्षसाच्या अंगावर. तिसऱ्या वेळी तो जरा थांबला आणि पाहू लागला. बाउझर मधूनच उडी मारतो आणि तेवढ्यापुरती खालची वाट मोकळी होते, हे त्याच्या ध्यानात आले. त्या वाटेने तो निसटला आणि त्याने कुऱ्हाड गाठली. आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या. इतक्यात वीज गेली! त्या खेळात प्रगती साठवून ठेवण्याची सोय नव्हती. सारे पहिल्यापासून करायचे. पण भाऊ रडला नाही. वीज येताच तो पुन्हा बसला आणि म्हणाला, "आता मला वाट माहीत आहे."

चांगल्या बॉसचे मर्म येथे आहे. तो नवी विद्या मागत नाही; धावणे आणि उडी मारणे खेळाडू आधीच शिकलेला असतो. त्याचीच येथे कसोटी लागते. प्रत्येक पराभवात आपण कोठे चुकलो, ते दिसते. म्हणून विजय नशिबाचा न वाटता स्वतःचा वाटतो.

आपल्या महाराष्ट्रातही असे खेळ तयार होतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० मध्ये 'राजी' हा खेळ आणला. त्यात राजी नावाची मुलगी आपला धाकटा भाऊ गोलू याला सोडवण्यासाठी महाबलासुराशी झुंजते.

शेवटी एका शब्दाची ओळख करून घेऊ. उर्दूत 'शिकस्त' म्हणजे हार, हे तुम्हांला ठाऊक आहे. हाच फारसी शब्द मराठीत आला आणि त्याचा अर्थ पालटला. मराठीत 'प्रयत्नांची शिकस्त करणे' म्हणजे होता होईल तेवढा प्रयत्न करणे. माझ्या भावाने त्या दिवशी दोन्ही अर्थ अनुभवले. तुमच्या वहीत एखादे गणित वारंवार चुकू लागले, तर पुस्तक मिटण्यापूर्वी या शब्दाचा मराठी अर्थ आठवून पाहा.