फायनलमध्ये गुण आटतात कसे? कबड्डीच्या गुणपत्रकामागचं साधं गणित

भातकापणी उरकली की कर्जत-खालापूरच्या गावागावांत मैदानं तयार होतात. माती चाळून पाणी मारलं जातं, चुन्याच्या रेषा पडतात, खांबांवर हॅलोजन लागतात. साखळी सामन्यांत चाळीस-चाळीस गुण करणारे संघ सेमीफायनलला आले की अचानक वीस-बावीसवर अडकतात. मग बाहेर एकच चर्चा सुरू होते: "पोरगा फायनलला चाललाच नाही!"

खरंच चालला नाही का? की त्याला चालायचंच नव्हतं? या दोन गोष्टींतला फरक गुणांच्या बेरजेतून कळत नाही. तो कळण्यासाठी आणखी दोन-तीन आकडे लागतात, आणि ते कुठलाही गुणलेखक मोबाइलवर ठेवू शकतो.

आधी मोठ्या स्पर्धेचे आकडे बघू

प्रो कबड्डीच्या सलग सात फायनलमधले दोन्ही संघांचे मिळून गुण असे आहेत:

- पाचवा हंगाम (2017): पाटणा 55, गुजरात 38. एकूण 93
- सहावा: बेंगळुरू 38, गुजरात 33. एकूण 71
- सातवा: बंगाल 39, दिल्ली 34. एकूण 73
- आठवा: दिल्ली 37, पाटणा 36. एकूण 73
- नववा: जयपूर 33, पुणेरी पलटण 29. एकूण 62
- दहावा: पुणेरी पलटण 28, हरियाणा 25. एकूण 53
- अकरावा: हरियाणा 32, पाटणा 23. एकूण 55

पुणेरी पलटणने मार्च 2024 मध्ये पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं, तेही फक्त 28 गुणांवर. त्या संघात इराणचा बचावपटू मोहम्मदरेझा शादलुई होता. पुढच्या हंगामात तो हरियाणाकडे गेला आणि हरियाणा विजेता झाला. म्हणजे यादीतल्या सर्वांत कमी गुणांच्या दोन्ही फायनल जिंकणाऱ्या संघांत तो होता. भक्कम पकड हे कमी गुणांचं एक कारण नक्कीच आहे. पण तेवढ्यानं उत्तर पूर्ण होत नाही.

घड्याळ काय सांगतं?

पुरुषांचा सामना 20-20 मिनिटांचा, म्हणजे 2400 सेकंदांचा. एका चढाईला जास्तीत जास्त 30 सेकंद मिळतात. प्रत्येकाने पूर्ण वेळ घेतला तर सामन्यात साधारण 80 चढाया होतात, म्हणजे एका संघाच्या वाट्याला 40.

चढाईपटू निदान रेषा ओलांडून कुणाला न शिवता परत आला, बोनसही घेतला नाही, तर ती रिकामी चढाई. तिचा गुण कुणालाच नाही. प्रो कबड्डीचा नियम असा की लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवायचा, नाहीतर चढाईपटू बाद.

आता समजा, तुमचा संघ 4 गुणांनी पुढे आहे आणि 5 मिनिटं उरलीत. 300 सेकंद म्हणजे साधारण 10 चढाया, त्यांतल्या 5 तुमच्या. पहिल्या दोन रिकाम्या, तिसरी करो या मरो, पुढच्या दोन पुन्हा रिकाम्या, आणि शिटी! पाच चढायांत जोखीम घ्यायची सक्ती फक्त एकदाच आली. समोरच्याला मात्र प्रत्येक चढाईत काहीतरी करावंच लागतं. तो घाईनं आत घुसतो आणि तुमचे कोपरारक्षक नेमकी त्याचीच वाट बघत असतात.

म्हणून बाद फेरीत गुण आटतात. एक चूक झाली की स्पर्धेतून बाहेर, अशा वेळी आघाडीवर असलेला संघ गुणांपेक्षा सेकंद कमावतो. गुणपत्रकात ते अपयश दिसतं. खरं तर तो हिशोब असतो.

हे फक्त आपल्याकडेच होतं का?

नाही. आइस हॉकीत गोलवर मारलेले शॉट्स मोजतात, आणि एका संघाचे सामन्यात तीसच्या आसपास शॉट्स ही साधारण गोष्ट मानली जाते. 8 मे 2000 रोजी एनएचएलच्या प्लेऑफमध्ये टोरोंटो मेपल लीफ्सला न्यू जर्सी डेव्हिल्सविरुद्ध 60 मिनिटांत फक्त 6 शॉट्स मारता आले. डेव्हिल्स 3-0 ने जिंकले. मधला पट्टा अडवून समोरच्याला पुढे येऊच द्यायचं नाही, यासाठी तो संघ आधीपासूनच ओळखला जायचा. 2005 मध्ये एनएचएलने लांब पासवरचं एक जुनं बंधन काढलं, म्हणजे मधली कोंडी फोडता यावी.

बास्केटबॉलचं उदाहरण तर आणखी गमतीचं. नोव्हेंबर 1950 मध्ये एनबीएचा एक सामना 19-18 असा संपला, कारण एका संघाने चेंडू नुसता धरून ठेवला होता. 1954 पासून तिथे 24 सेकंदांत चेंडू बास्केटकडे टाकायची सक्ती आली. आपली तिसरी चढाई हे त्याच दुखण्यावरचं औषध आहे.

मग खेळाडूला जोखायचं कसं?

प्रश्न खरा इथे आहे. गावच्या स्पर्धेतल्या कामगिरीवर पोराला तालुक्याच्या, पुढे जिल्ह्याच्या संघात बोलावणं येऊ शकतं. तिथे नुसती बेरीज बघितली तर चांगला खेळाडू मागे राहतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

'अ' ने 18 चढायांत 8 गुण मिळवले. तिसऱ्या चढाया त्याच्या वाट्याला 4 आल्या, त्यांतली 1 यशस्वी.

'ब' ने 12 चढायांत फक्त 4 गुण मिळवले. पण त्याच्या 6 चढाया संघ पुढे असताना प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून रिकाम्या गेल्या. तिसऱ्या चढाया 5, त्यांतल्या 3 यशस्वी.

बेरजेत 'अ' दुप्पट. अडचणीच्या वेळी 'अ' 25 टक्के, तर 'ब' 60 टक्के. तुम्ही कुणाला निवडाल?

यासाठी गूगल शीट्स पुरेसं आहे. प्रत्येक चढाईला एक ओळ आणि सहा रकाने:

1. चढाईपटूचा नंबर
2. उरलेला वेळ
3. त्या क्षणी संघ किती गुणांनी पुढे किंवा मागे
4. समोर किती बचावपटू
5. पहिली, दुसरी की तिसरी चढाई
6. निकाल: यशस्वी, रिकामी की बाद

शेवटी 'काउंटइफ्स' हे सूत्र वापरा. "नंबर 7, तिसरी आणि यशस्वी, या तिन्ही गोष्टी ज्या ओळींत आहेत त्या मोजून दे," एवढंच काम ते करतं. चौथा रकाना आळसानं सोडू नका. बोनस मिळायला समोर किमान 6 बचावपटू लागतात, आणि 3 किंवा कमी असताना पकड झाली तर बचाव करणाऱ्यांना एक जादा गुण मिळतो. त्यामुळे सात जणांसमोरची चढाई आणि तिघांसमोरची चढाई एकाच मापानं मोजता येत नाही.

एक सावधगिरी

वरच्या 'ब' ची एकच चढाई फसली असती, तर 60 टक्क्यांचे 40 झाले असते. पाच चढायांवर कुणाला हिरो ठरवू नका आणि कुणाला घरीही बसवू नका. पाच-सहा सामन्यांच्या नोंदी साठवा, मग बोला. वरच्या सात फायनलनाही हेच लागू होतं. 2017 चे 93 बाजूला ठेवले तर उतार बराच सौम्य दिसतो.

थोडक्यात, गुण कमी दिसले की आधी तीन प्रश्न विचारा. चढाया किती झाल्या? त्या वेळी कोण पुढे होतं? आणि तिसऱ्या चढाईला काय झालं? यंदा गावच्या मैदानावर गुणलेखकाच्या टेबलाशी बसायची संधी मिळाली, तर कागदासोबत ही शीटही उघडून ठेवा. "पोरगा चालला नाही" म्हणणाऱ्याला दाखवायला आपल्याकडे काहीतरी असेल.